फर्दापूरहून निघाली अडगळ

मित्रांनो, अजिंठ्याची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ज्यांनी पाहिली नसतील ते शाळेच्या सहलीत कधीतरी पाहतीलच. पण लेण्यांच्या पायथ्याशी असलेलं फर्दापूर कुणी पाहिलंय का? ‘हो, गाडी थांबते तेच ना?’ एवढंच उत्तर बहुतेकांकडून येतं. गाडी थांबते, आपण चहा-भजी खातो आणि पुढं निघतो. आज मात्र आपण फर्दापूरला उतरायचं आहे. बरं, उतरून पाहायचं काय? तर अडगळ! फाटकी गादी, गंजलेला कूलर, तीन पायांचा पलंग, बंद पडलेला टीव्ही आणि गोठ्यामागं पडलेलं टायर.

हसू नका बरं का! ही अडगळ फार मोठा प्रवास करते. कधी नदीतून, कधी ट्रकमधून. आपण तिच्या मागोमाग जाऊ या. वाटेत लेणीही येतील, नदी येईल, आणि सोळाशे अंशांची भट्टीसुद्धा येईल.

घाट उतरल्यावर

छत्रपती संभाजीनगरहून (तुमच्या आईबाबांच्या पुस्तकातलं औरंगाबाद) जळगावच्या रस्त्याला लागायचं. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव अशी गावं मागं टाकत गाडी अजिंठा गावात येते. गंमत पाहा, लेण्यांना नाव मिळालं या गावाचं. पण गाव डोंगराच्या वर आणि लेणी दरीत. अजिंठ्याच्या पुढं घाट सुरू होतो. वळणं घेत गाडी खाली उतरली की सपाटीवर येतं फर्दापूर. तालुका सोयगाव. इथून थोडं पुढं गेलं की मराठवाडा संपतो आणि खानदेश सुरू होतो. त्यामुळं बाजारात कान दिलात तर मराठवाडी बोलही ऐकू येतील आणि खानदेशी हेलही.

वाटसरूंचं हे जुनं मुक्कामाचं ठिकाण आहे. मोगलांच्या काळातली एक सराई इथं आहे. सराई म्हणजे प्रवाशांनी उतरायची जागा, त्या काळातली धर्मशाळाच म्हणा ना! आज पर्यटक उतरतात ते टी पॉइंटवर. आपली गाडी तिथंच ठेवायची आणि लेण्यांच्या बसमध्ये बसून चारेक किलोमीटर आत जायचं. गाड्यांच्या धुराचा त्रास लेण्यांना होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. भोवती डोंगर आणि काळं रान. कापूस आणि मका ही इथली नेहमीची पिकं. कापूस लक्षात ठेवा, पुढं तो कामाला येणार आहे.

टाकाऊ दगडाचं दुकान

टी पॉइंटवर आणि लेण्यांच्या वाटेवर तुम्हाला दगड विकणारे भेटतील. ‘बघा, बघा, घेऊ नका, नुसतं बघा!’ असं म्हणत ते हातातला काळा ओबडधोबड दगड उघडून दाखवतात. आत पाहावं तर साखरेचे खडे चमकावेत तसे स्फटिक! काही पांढरे, काही गुलाबी, काही फिक्या हिरव्या रंगाचे.

हे आलं कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्राच्या जागी लाव्हारसाचे थरावर थर पसरले. तो रस थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. रस दगड झाला, बुडबुड्यांच्या पोकळ्या तशाच राहिल्या. मग हजारो-लाखो वर्षं खनिजं विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि त्यांचे स्फटिक तयार झाले. झिओलाइट हे त्यांतल्या एका मोठ्या कुटुंबाचं नाव.

शेतकरी विहीर खणतो तेव्हा काढलेल्या दगडांचा ढीग काठावर पडतो. खाणीतही तेच. त्याच्या दृष्टीनं तो ढीग म्हणजे अडचण. पण कुणीतरी तो ढीग निरखून पाहिला, फोडून पाहिला आणि त्यातून वेचलेले दगड जगभरच्या संग्रहालयांत जाऊन बसले. अडगळीचा पहिला धडा इथंच मिळतो : टाकण्याआधी एकदा उघडून पाहावं.

भिंतीतला तूस

आता बसमध्ये बसा, लेण्यांत जाऊ या. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा वाकलेला कडा आणि त्यात ओळीनं कोरलेली सुमारे ३० लेणी. त्यांतली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. २८ एप्रिल १८१९ या दिवशी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीसाठी इकडं आला आणि त्याला ही लेणी दिसली, तेव्हापासून बाहेरच्या जगाला ती ठाऊक झाली. १९८३ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला.

पहिल्या लेण्यात पद्मपाणीचं चित्र पाहताना सगळ्यांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर खिळतात. तुम्ही मात्र रंग उडालेल्या जागेकडंही पाहा. तिथं मातीचा गिलावा दिसेल. त्या कारागिरांनी खडबडीत कातळावर नुसती माती लावली नाही. त्यांनी मातीत भाताचा तूस, गवत आणि झाडपाल्याचे तंतू कालवले. का बरं? नुसती माती वाळली की तडकते. तूस आणि तंतू तिला धरून ठेवतात. तुमची आजी अंगण सारवताना शेणात काय पाहते? गवताच्या काड्या! तंत्र तेच.

तूस म्हणजे भात कांडल्यावर उरलेला कचरा. तो कचरा दीड हजार वर्षांपासून जगातली नावाजलेली चित्रं पाठीवर घेऊन उभा आहे. (पाहताना हात मात्र लावू नका हं! आपल्या हाताच्या घामानं चित्रं खराब होतात.)

आजीच्या काळचे कारभारी

लेण्यांतून परत गावात येऊ. जुन्या माणसांना विचारा, ‘तुमच्या वेळी अडगळीचं काय करायचे?’ ते म्हणतील, ‘अडगळ होतीच कुठं?’ आणि ते खरं आहे. प्रत्येक वस्तूचा एक कारभारी ठरलेला असे.

पितळेचं भांडं फुटलं की ते कासाराकडं मोड म्हणून जायचं. तो वजन करायचा, मोडीची किंमत वजा करायचा आणि नवं भांडं द्यायचा. ‘मोडीत काढणे’ हा आपला शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यात आहे, त्यामागं हीच मोड. जुने कपडे बोहारीण घेऊन जायची आणि बदल्यात वाटी, पातेलं द्यायची. पण त्याआधी दहा मिनिटं घासाघीस व्हायचीच! विटक्या लुगड्यांची गोधडी शिवली जायची. जात्याचे दात झिजले की टाकी लावून ते पुन्हा खरखरीत करून घ्यायचे. पडक्या घराची पांढरी माती शेतात जायची, तुळया-दारं नव्या घराला लागायची आणि घडीव दगड पायरीला.

आणि गादी? ती तर कापसाची. चार-पाच वर्षांत कापूस दबून तिची फळी व्हायची. मग दारात पिंजारी यायचा. त्याच्या धनुकलीची तार ‘तंऽव तंऽव’ वाजायची, कापसाचे गठ्ठे मोकळे व्हायचे आणि अंगणात जणू ढग उतरायचे. कापूस संपलेला नसतो, मुलांनो. त्यातली हवा तेवढी गेलेली असते. पिंजलं की तंतू सुटे होतात, त्यांच्यात पुन्हा हवा शिरते. थोडा नवा कापूस घातला, नवी खोळ शिवली की गादी तयार. आता धनुकलीच्या जागी यंत्र आलं, पण कापसाची गादी पिंजून देणारी दुकानं तालुक्याच्या गावी अजून सापडतात. कापूस पिकवणाऱ्या मुलखात गादी फेकून देणं म्हणजे घरचं पीक उकिरड्यावर टाकणंच!

मग घोडं अडलं कुठं?

आता घरात येणाऱ्या वस्तू बदलल्या. गादी स्पंजची झाली. सोफ्यात लाकूड, खिळे, स्पंज, रेक्झिन, स्प्रिंगा सगळं एकमेकांना चिकटवलेलं. कपाट भुसा आणि गोंद दाबून केलेल्या पाट्यांचं. एकदा पाणी लागलं की पापडासारखं फुगतं. अशा वस्तूंची तीन दुखणी आहेत.

पहिलं दुखणं म्हणजे आकार. घंटागाडीत केळीची सालं मावतात, सोफा कसा मावेल? दुसरं, एकाच वस्तूत पाच-सहा जिनसा. वेगळ्या केल्या तरच त्यांचा उपयोग, आणि वेगळ्या करायला मेहनत लागते. तिसरं दुखणं भाड्याचं. भंगारवाला वजनावर घेतो. लोखंडी पलंग लहानशा जागेत पुष्कळ वजन देतो. स्पंजची गादी अर्धी गाडी अडवते आणि वजन भरतं किती? गादी म्हणजे बहुतेक हवाच! ती नेण्यात त्याचं डिझेलही निघत नाही. म्हणून तो पलंग नेतो आणि गादी तिथंच ठेवतो.

आणि मग एक दिवस, अंधार पडल्यावर, ती गादी कुणीतरी नाल्यात नेऊन टाकतं.

नाल्यातली गादी कुठं जाते?

‘वाहून जाईल पावसात,’ असं आपण सहज म्हणतो. पण वाहून कुठं जाईल? नकाशा काढा.

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली वाघूर सात कुंडांतून उड्या घेत लेण्यांच्या पायथ्याशी येते. तिथून ती फर्दापूरच्या जवळून खानदेशात उतरते. पुढं जळगावच्या अलीकडं तिच्यावर मोठं धरण आहे, वाघूर धरण. जळगाव शहराचं पिण्याचं पाणी तिथूनच येतं. धरणातून सुटल्यावर ती तापीला मिळते आणि तापी थेट अरबी समुद्राला.

म्हणजे इकडं डोंगराच्या कुशीत नाल्यात जे टाकलं, ते जळगावच्या एखाद्या मुलीच्या हंड्याच्या वाटेवर टाकलं. स्पंजचे तुकडे होत जातात, पण तो कुजत नाही. गादी वाहत जाऊन मोरीत अडकली की बोळा बसतो आणि पाणी रस्त्यावर, कधी घरात येतं. टायर टाकलं तर आणखी वाईट. टायर कसंही पडलं तरी त्याच्या पोटात पाणी साठतंच. त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. हा डास दिवसाढवळ्या चावतो आणि त्याला ओढा-तळं लागत नाही. वाटीभर पाणी पुरतं.

डेपोत गेली तर?

शहरात नाल्याऐवजी कचरा डेपो असतो. आपल्या जिल्ह्याच्या शहराचा कचरा कित्येक वर्षं नारेगावला नेऊन टाकत होते. डोंगर वाढत गेला. दुर्गंधी, धूर, माश्या आणि विहिरींचं खराब पाणी हे सगळं आसपासच्या गावांनी सोसलं. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. ‘तुमचा कचरा आमच्या दारात का?’ असा त्यांचा साधा प्रश्न होता. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. शहरात आठवडेच्या आठवडे रस्तोरस्ती ढीग साठले. त्यानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल अशा ठिकाणी कचऱ्यावर प्रक्रिया करायची केंद्रं उभारावी लागली.

मुंबईतल्या देवनारच्या डेपोत १९२७ पासून कचरा पडत आला आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्याला अशी आग लागली, की तिचा धूर अवकाशातल्या उपग्रहांनाही दिसला. कचऱ्याला आग का लागते? ओला कचरा ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही. तो तसाच सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. हा वायू जळणारा. वर गाद्या, सोफे, टायर असं सरपण रचलेलंच असतं! स्पंज आणि टायर यांचा धूर काळा आणि विषारी. तो श्वासात जातो कुणाच्या? डेपोशेजारी राहणाऱ्या मुलांच्या.

नारेगावकरांचा तो प्रश्न विसरू नका. आपल्या घरातून वस्तू गेली म्हणजे ती जगातून गेली असं नसतं. ती कुणाच्या तरी दारात जाते.

ट्रक निघाला जालन्याला

आता अडगळीचा तिसरा रस्ता पाहू. हा चांगला रस्ता आहे. ‘भंगाऽऽर, लोखंड, पत्रा, प्लॅस्टिक, रद्दीऽऽ’ अशी आरोळी तुम्ही ऐकलीच असेल. ती ऐकून आई अडगळीच्या खोलीकडं पाहते. गंजलेल्या कूलरचा सांगाडा, पलंग, जुनी खुर्ची बाहेर येते आणि तराजूला लागते.

गावातला छोटा भंगारवाला तालुक्याच्या मोठ्या भंगारवाल्याला माल देतो. तिथं लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक असे वेगवेगळे ढीग लागतात. पुढं लोखंडाचे ट्रक भरतात. मराठवाड्यातल्या लोखंडी भंगाराची मोठी बाजारपेठ आहे जालना. जालन्याची ख्याती दोन गोष्टींसाठी : बियाणं आणि पोलाद. तिथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया करणारे पुष्कळ कारखाने आहेत.

तिथं कोळशाची धगधगती भट्टी असेल असं तुम्हाला वाटेल. पण तसं नाही. ती विजेची इंडक्शन भट्टी असते. मोठ्या भांड्याभोवती तांब्याच्या नळीचे वेढे असतात आणि त्यांतून वीज खेळवतात. त्यामुळं आतल्या लोखंडातच वीज फिरू लागते आणि लोखंड स्वतःच तापतं. लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. भट्टी त्याच्याही वर, सोळाशे अंशांच्या आसपास नेतात. पाणी उकळतं १०० अंशांना, म्हणजे अंदाज करा! वितळलेला रस साच्यात ओतून त्याचे लांब ठोकळे करतात. लालबुंद ठोकळे रुळांमधून दाबत दाबत नेले की सळई तयार.

म्हणजे फर्दापूरच्या एखाद्या घरातला पलंग उद्या सळई होऊन त्याच गावातल्या शाळेच्या स्लॅबमध्ये बसू शकतो. एक टन भंगारापासून पोलाद केलं तर सुमारे १४०० किलो लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असा जागतिक पोलाद संघटनेचा हिशेब आहे. तेवढा डोंगर कमी खणावा लागतो.

एक सावधगिरी मात्र हवी. तोंड बंद असलेली टाकी, सिलिंडर किंवा दोन्ही टोकं बंद असलेला पाइप भंगारात तसाच जाऊ देऊ नये. आत पाणी किंवा वायू राहिला आणि ती वस्तू भट्टीत पडली, तर स्फोट होतो आणि भट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेततं.

हात लावू नका अशी अडगळ

काही वस्तू भंगारात मोलाच्या असतात, पण फोडायला धोक्याच्या. जुन्या डब्याच्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिसं आणि गंधकाम्ल असतं. शिसं शरीरात गेलं की लहान मुलांच्या मेंदूला इजा होते. ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो. फ्रीजच्या नळ्यांत वायू असतो. पूर्वीच्या फ्रीजमधल्या वायूनं ओझोनच्या थराला भोकं पाडली, म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल इथं जगातल्या देशांनी करार करून तो वायू हळूहळू बंद केला. आताच्या बऱ्याच फ्रीजमधला वायू ओझोनला सुरक्षित आहे, पण तो पेट घेतो. म्हणून फ्रीजची नळी घरी कापायची नाही.

आणि वायरी जाळून तांबं काढायचं? मुळीच नाही! त्या धुरात घातक विषं असतात. तांब्याचे चार पैसे मिळतात, पण खोकला जन्माचा लागतो. हे काम बऱ्याचदा तुमच्याच वयाची मुलं करताना दिसतात, ही सर्वांत वाईट गोष्ट.

यासाठी आपल्या देशात कायदा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणं टीव्ही, फ्रीज, संगणक अशा वस्तू तयार करणाऱ्या कंपन्यांवर त्या वस्तूंच्या शेवटाचीही जबाबदारी आहे. बॅटरीसाठी आणि टायरसाठी २०२२ पासून असेच नियम आहेत. म्हणून नवी वस्तू घेताना दुकानदाराला विचारायचं, ‘काका, जुनी परत घेता का?’ नवी बॅटरी घेताना जुनी दिली की पैसे कमी होतात, हे तर तुमच्या बाबांना ठाऊकच असेल.

पुण्यात आणि जपानात

पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायामाणसांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातच त्यांचं काम आहे, पाहिलंत? पुढं २००८ मध्ये त्यातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था कामाला लागली. घरोघरचा कचरा गोळा करण्याबरोबरच जुन्या गाद्या, फर्निचर, ई-कचरा अशा मोठ्या वस्तूंसाठी त्यांनी संकलनाचे खास दिवसही ठेवले. एका घरची एक गादी नेणं परवडत नाही. पण शंभर घरांच्या गाद्या एकाच दिवशी एका जागी आल्या की टेम्पोचं भाडं निघतं. भाड्याच्या दुखण्यावर हाच तर उतारा!

अजिंठ्याला बुद्धाच्या ओढीनं पुष्कळ जपानी पाहुणे येतात. त्यांच्या देशात मोठ्या अडगळीला ‘सोदाई गोमी’ म्हणतात. सोफा टाकायचा असेल तर आधी कळवायचं, त्यासाठीची चिठ्ठी विकत घेऊन सोफ्यावर चिकटवायची आणि ठरल्या दिवशी तो दाराबाहेर ठेवायचा. टीव्ही, फ्रीज, वातानुकूलन यंत्र आणि धुलाई यंत्र यांच्यासाठी तिथं २००१ पासून वेगळा कायदाच लागू आहे. टाकायलाही पैसे पडतात म्हटल्यावर माणूस घेतानाच दहादा विचार करतो.

जपानसारखी चिठ्ठी फर्दापूरला नसेल. पण पुण्यासारखा एक ‘अडगळ दिवस’ ठरवायला कोण नको म्हणतंय? दिवाळीच्या आधी सगळ्यांच्या घरी झाडलोट होतेच. ग्रामपंचायतीला आणि शाळेला सांगून एक दिवस आणि एक जागा ठरवायची. भंगारवाल्या काकांना, सुतारकाकांना आणि गादीवाल्याला आधीच निरोप द्यायचा. स्पंजच्या गाद्या साठल्या तर शहरातल्या गादी कारखान्यात चौकशी करायची. स्पंज बारीक कातरून, गोंद घालून आणि दाबून त्याचा पुन्हा पक्का थर करता येतो.

तुमच्या घरची यादी

आता वही-पेन्सिल घ्या. घरात फिरा. माळा, जिन्याखालची जागा, गोठ्यामागची जागा पाहा. वापरात नसलेली प्रत्येक मोठी वस्तू लिहा. तिच्यासमोर चार रकाने करा.

पहिला रकाना ‘दुरुस्त होईल का?’ चौथा पाय बसवला की पलंग पुन्हा पलंगच. दुसरा रकाना ‘कुणाला लागेल का?’ तुमचा पाळणा कुणाच्या तरी बाळाची वाट पाहत असेल. तिसरा ‘दुसरं काही होईल का?’ ट्यूबवर विहिरीत पोहायला शिकता येतं (मोठ्या माणसाला बरोबर घेऊनच!), टायरचा झोका होतो, पण तळाला भोकं पाडायची, म्हणजे पाणी साठणार नाही. कूलरचं जुनं गवत खताच्या खड्ड्यात जातं. चौथा रकाना ‘सुटं करून भंगारात.’ लोखंड लोखंडात, लाकूड लाकडात. हे काम मोठ्यांच्या हातून करून घ्या.

चारही रकाने रिकामे राहिले अशी एखादी वस्तू उरेल. तिच्याभोवती लाल गोल करा. ती वस्तू कशाची केली आहे ते लिहा आणि पुढच्या वेळी घरात तसली वस्तू विकत घ्यायची चर्चा निघाली, की ही वही सगळ्यांसमोर उघडा. ‘ही मोडल्यावर जाईल कुठं?’ एवढं विचारा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांना देता आलं नाही तर ते थोडे रागावतील, पण विचार करतील.

आणि सहलीला जाल तेव्हा फर्दापूरला नक्की उतरा. दगडवाल्याकडचा एक दगड उघडून बघा, भिंतीतला तूस शोधा आणि वाघुरीच्या पुलावर क्षणभर उभं राहा. पाण्यात काय काय दिसतं ते मोजा. तुमच्या यादीत लाल गोल किती आले तेही आम्हाला लिहून कळवा. ज्याच्या यादीत सर्वांत कमी, त्याच्या घराला शाबासकी!